वळवळीचे पाच शब्द

"मुलाच्या तोंडून इंग्रजी शब्द निघाला, की त्याला मराठीत उलटं विचारायचं नाही. शाबास म्हणायचं आणि पुढं जायचं. एवढं एक ध्यानात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल."

सबनीस मॅडम हे बोलल्या तेव्हा मी सतरंजीवर तिसऱ्या रांगेत बसले होते आणि वहीत उतरवून घेत होते. तालुक्याच्या गावी तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. पहिलीपासून इंग्रजी सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली होती, तरी आम्हा वाडीवस्तीवरच्या शिक्षकांची भीती काही मोडली नव्हती. मी तर जन्मात कधी कुणाशी इंग्रजीत बोलले नव्हते. पण सांगितलेलं पाळायचं, ही माझी लहानपणापासूनची रीत. लिंगदीक्षेच्या दिवशी वडील म्हणाले होते, पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. तेव्हापासून आजपर्यंत ते मोडलेलं नाही. मॅडमचं वाक्यही मी तसंच घेतलं.

शेवटच्या दिवशी त्यांनी पाच कार्डं काढली. ट्विस्ट, विगल, रिगल, स्क्वर्म, राइद.

"हे सगळे अंग वळवण्याचे शब्द. जवळजवळचे आहेत, पण एक नाहीत. अर्थ सांगायचा नाही, अंगानं करून दाखवायचा. जंगमबाई, या पुढं. रिगल करा."

"मी?"

"तुम्हीच. गांडूळ व्हा."

मी तेव्हा पंचेचाळिशीची. अंगावर सहावारी, कपाळाला विभूती. माझ्याच शाळेतले लोहार गुरुजी शेजारून हळूच म्हणाले, "जा हो बाई. पंचवीस वर्षं नोकरीत गांडूळच आहोत की आपण." आजूबाजूचे हसले. मी पदर खोचून पुढं गेले आणि खांदे थोडे इकडून तिकडं केले.

"बाई," मॅडम म्हणाल्या, "तुमचा आवाज लहान आहे ते ठाऊक होतं. अंगसुद्धा पुटपुटतंय तुमचं."

आमची वाडी कोयनेच्या अंगाच्या डोंगरात. एस.टी. खाली फाट्यावर सोडायची, तिथून पाऊण तासाचा चढ. दोन खोल्यांची शाळा. पहिली-दुसरी गुरुजींकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. गुरुजी रोज खालून येऊन-जाऊन करायचे. मी शाळेला लागून असलेल्या खोलीत राहायची आणि शनिवारी दुपारी कऱ्हाडला घरी यायची.

वैजंता माझ्या चौथीत होती. ही गोष्ट तिची आहे. ती असती तर आज तिशीची असती.

बारीक अंगाची, दोन वेण्या कानांवर घट्ट बांधलेली. बाप मुंबईला माथाडी कामाला, घरी आई सगुणा आणि पहिलीतली धाकटी बहीण छबी. श्रावण लागला की वैजंता रोज सकाळी माझ्या पूजेला बेल आणायची. मी पूजा आटपेपर्यंत बोलत नाही, हे तिला पाठ होतं. बेल उंबऱ्यात ठेवायची आणि भिंतीला टेकून गप बसायची. मी वळून पाहिलं की हातवारे करून सांगायची: आज ढग खाली आलेत, आज म्हशीनं लाथ मारली. माझी पूजा संपली की तिचं तोंड उघडायचं ते शाळेची घंटा होईपर्यंत.

ते पाच शब्द मी वर्गात आणले तेव्हा पहिला दिवस नुसता हसण्यात गेला. मग मी एक युक्ती काढली. म्हटलं, रोज घरी जाताना, घरी गेल्यावर डोळे उघडे ठेवा. यांतलं काही दिसलं तर दुसऱ्या दिवशी येऊन सांगा. पहिल्या आठवड्यात काय काय आलं! दगड उचलला की खाली रिगल. आई डोक्याला तेल चोळायला लागली की छबीचं स्क्वर्म. शेळीचं करडू पिताना शेपटाचं विगल. आजी धुणं पिळते ते ट्विस्ट. दगडू नावाचा एक पोरगा म्हणाला, "बाई, सायेब आलं की गुरुजी खुर्चीत करत्यात ते बी स्क्वर्म." गुरुजी शेजारच्या खोलीत होते. त्यांनी तिथूनच "ऐकू आलं रे!" म्हणून ओरडून सांगितलं.

पण वर्गात एकोणीस पोरं. प्रत्येकाचं दगड, शेळी, आजी ऐकायचं तर तास तिथंच सरायचा. शिवाय मॅडमचं वाक्य होतंच. पोरं सगळं मराठीत सांगत बसतात, हे मला टोचायला लागलं. मग मी नेम केला. हजेरीला उभं राहायचं, "मी रिगल बघितलं" किंवा "मी विगल बघितलं" एवढंच म्हणायचं, मी शाबास म्हणायचं, पुढचा. पोरं लगेच शिकली. हजेरी कशी सरसर व्हायला लागली. मला फार बरं वाटलं.

राइद मात्र कुणाला बघायला मिळेना.

"दुखायला लागलं की माणूस अंग पिळवटतो, तसं," मी करून दाखवलं, जमेल तेवढं.

वैजंता विचारात पडली. "बाई, ज्याला दुकत न्हाई त्यानं राइद कसं करायचं?"

"नाटक करायचं."

"मला न्हाई येत. हसू येतं."

खरंच येईना तिला. जमिनीवर पडायची, दोन गिरक्या घ्यायची आणि झग्याची कड तोंडात कोंबून हसत सुटायची. दगडू म्हणाला, "तुझं राइद म्हंजी वरातीतला नाच." त्याला तिनं पाटी उगारली.

विस्तार अधिकारी भोईटे साहेब शाळा बघायला यायचे होते. दिवस ठरला तो नेमका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीचा. सबनीस मॅडमनी त्यांना सांगितलं होतं की आमच्या शाळेत हे पाच शब्द छान घेतलेत. मी वैजंताला रिगल दिलं. ते तिचं अंगातलं होतं. छातीवर पडून नुसती पाठ हलवायची, गांडूळ मुकाट्यानं मातीत शिरावं तशी.

पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी मी फळ्यावर नाग काढला. पोरींना पाट्यांवर काढायला लावला. दरवर्षीचंच होतं ते. पंचमीला तवा चुलीवर ठेवायचा नाही, चिरायचं-कापायचं नाही, माती उकरायची नाही, हे त्यांना घरून माहीत होतं. मी माझं सांगितलं, माझ्या आईनं मला सांगितलं होतं तसं.

"साप दिसला तर दगड उचलायचा नाही. आरडाओरडा करायचा नाही. उभं राहून हात जोडायचे. तो आपल्या वाटेनं निघून जातो."

"आन् घरात आला तर?" वैजंतानं विचारलं.

"तरी हात जोडायचे. त्या दिवशी तो पाहुणा असतो."

"वरडायचं न्हाई?"

"नाही ओरडायचं."

तिनं मान हलवली. छबी दाराशी उभी होती, पहिलीचा वर्ग सुटला होता. तिनंही बहिणीचं बघून मान हलवली.

पंचमी झाली. बायकांनी फेर धरला, मला हात धरून नेलं. दिवसभर पावसाची भुरभुर होती. सगुणानं केळीच्या पानात दिंडं बांधून पाठवली, पुरणाची, वाफवलेली, अजून ऊन होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेला बसले होते. वैजंता आली ती नेहमीसारखी हातवारे न करता. बेल ठेवला आणि भिंतीला टेकली. मी एकदा वळून पाहिलं. ती पोटाशी गुडघे घेऊन बसली होती. काहीतरी सांगायचं होतं तिला, हे चेहऱ्यावर दिसत होतं. माझा जप चालू होता. मी हातानंच सांगितलं, थांब.

ती थांबली. अर्धा-पाऊण तास थांबली असेल.

मी इष्टलिंग वस्त्रात बांधलं, तीर्थ घेतलं, म्हटलं, "बोल."

"बाई, राती म्या रिगल बगितलं."

"शाबास!"

ती माझ्याकडं बघत राहिली. मी पुढं विचारीन असं तिला वाटलं असणार. मी बेलाची पानं निवडून ठेवत होते. साहेब अकरापर्यंत यायचे होते, फळा लिहायचा राहिला होता, पाणी भरायचं होतं. आणि पोरीच्या तोंडी सकाळी सकाळी तो शब्द आला, याचाच मला आनंद झाला होता.

"बाई, पोटात दुकतंय."

"काल दिंडं किती खाल्लीस?"

"तीन."

"मग? रात्री परत दूध-लाह्या असतील." मी डब्यातला ओवा काढला, मीठ लावून तिच्या हातावर दिला, वर कोमट पाणी दिलं. "चावून खा. आजचा दिवस कळ काढ. साहेब गेले की घरी सोडते."

"व्हय बाई."

पाणी पिताना तिला ठसका लागला. थोडं पाणी ओठाच्या कडेनं खाली आलं. मी पदरानं पुसलं आणि म्हटलं, सावकाश.

साहेब आले ते साडेअकराला. चढानं दमलेले, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाची. माणूस चांगला होता, पोरांना घाबरवणारा नव्हता. गुरुजींनी आपली पहिली-दुसरीही आमच्याच खोलीत आणून बसवली. साहेबांनी पाणी घेतलं आणि म्हणाले, "जंगमबाई, तुमची ती वळवळ दाखवा. मी कार्डं पिसतो, ज्याच्या हाताला जे लागेल ते त्यानं करायचं. बाकीच्यांनी ओळखायचं. पाठ केलेलं नको मला."

तसं ठरलेलं नव्हतं. पण साहेबांपुढं मी काय बोलणार! दगडूला ट्विस्ट आलं, त्यानं कंबरेतून असा पीळ दिला की चड्डीचं बटणच तुटलं. साहेब डोळे पुसेपर्यंत हसले. एका पोरीनं नाकाचं विगल केलं. मग वैजंताचं नाव आलं. ती शेवटच्या रांगेत भिंतीला डोकं लावून बसली होती.

"झोपलीस काय गं?" साहेब म्हणाले.

ती उठली. भिंतीला धरून पुढं आली. कार्ड घेतलं, डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं. माझ्या मनात आलं, रिगलच येऊ दे.

कार्ड तिच्या हातातून खाली पडलं. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी ते उलटं करून ठेवलं, कुणी वाचू नये म्हणून. आणि वैजंता गुडघ्यांवर बसली, मग कुशीवर पडली.

तिनं पाय पोटाशी घेतले, परत ताठ केले. कंबरेतून वळली, पालथी झाली, परत उताणी झाली. दोन्ही हात पोटात रुतवले. दात घट्ट होते. आवाज नव्हता. शब्द करताना तोंडातून आवाज काढायचा नाही, हा आमचा नियम होता. हसू तर तिच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं.

"राइद!" वर्ग एका सुरात ओरडला.

"व्वा!" साहेबांनी मांडीवर थाप मारली. "बाई, काय अभिनय आहे हो! कुणाची ही?"

"वैजंता शेलार," मी म्हटलं. "आठ दिवस जमत नव्हतं तिला."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हे मला कुणी सांगायला नको, माझ्या हातांना आठवतं.

"शाबास वैजंता. ऊठ आता," मी म्हणाले.

ती उठली नाही. पोरं आणखी हसली. दगडू म्हणाला, "बाई, तिला अजून करायचंय." मी जवळ गेले, दंडाला धरलं. दंड घामानं गार होता. तिनं मान माझ्याकडं वळवली आणि मला दिसलं की तिच्या दोन्ही पापण्या अर्ध्या खाली उतरल्यात. ती त्या वर ओढायचा प्रयत्न करत होती. कपाळाला आठ्या पडत होत्या, पापण्या उचलत नव्हत्या.

"बाई… डोळं… उगडंना." जीभ जाड झाल्यासारखी. शब्द एकमेकांत अडकत होते.

मग कुठं मला सकाळचं आठवलं.

"वैजंते, रात्री काय बघितलंस गं? काय होतं ते?"

तिनं ओठ हलवले. बाहेर नुसता श्वास आला.

"कशाचं रिगल बाळ? कशाचं?"

 पहिलीच्या रांगेतून छबी उभी राहिली. फळ्याकडं बोट केलं. परवाचा नाग मी पुसला नव्हता, देवाचं चित्र म्हणून कोपऱ्यात तसाच ठेवला होता.

"साप हुता बाई. काळा. पांडरं पट्टं पट्टं. ताईच्या वाकळंखालनं निगाला. म्या वरडनार हुती, तर ताई म्हनली, वरडायचं न्हाई, बाईनी सांगितलंय. मग आमी दोगीनी हात जोडलं. त्यो गेला."

"आईला उठवलं नाही?"

"न्हाई. आय दमून झोपली हुती."

गुरुजी तोवर खाली वाकून तिच्या पायाची बोटं बघत होते. कुठं काही दिसेना. तसला पट्ट्यांचा साप म्हणजे मण्यार; ती चावलेली दिसतही नाही आणि दुखतही नाही, झोपलेल्याला तर कळतसुद्धा नाही, हे मला नंतर दवाखान्यात कुणीतरी सांगितलं.

पुढच्याला फार वेळ लागला नाही. चादरीची झोळी केली. वाडीतले दोन गडी आणि साहेब स्वतः, बूट काढून, चिखलातनं. सगुणा शेतावरनं धावत आली ती झोळीबरोबरच पळत राहिली, काय झालं हे तिनं विचारलंसुद्धा नाही. फाट्यावर साहेबांची जीप होती. मागच्या बाकावर वैजंताचं डोकं सगुणाच्या मांडीवर आणि पाय माझ्या मांडीवर. साहेब ड्रायव्हरला सारखे म्हणत होते, दवाखान्यात लस असते, पोचलो की झालं, पोचलो की झालं.

तिचं पिळवटणं थांबलं होतं. सकाळपासून पोटाशी धरलेले हात सैल होऊन बाजूला पडले. मी तिचा एक हात हातात घेतला. सगळं अंग निश्चल होतं, फक्त करंगळी माझ्या तळव्यात हलत होती, इकडून तिकडं, अगदी बारीक. त्या हालचालीला इंग्रजीत शब्द आहे. मला तो येत होता. मी मनातल्या मनात जप म्हणत होते आणि मध्येच तो शब्द येत होता, परत जप, परत तो शब्द.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर करंगळी थांबली. मी कुणाला सांगितलं नाही. सगुणा तिच्या कपाळावरचे केस मागं सारत होती. तिला आणखी पाच मिनिटं ते करू द्यावं, एवढंच मला सुचलं.

दिवसकार्य झाल्यावर मी सगुणाकडं गेले.  तोवर पूजा तेवढी करत होते, तीर्थ घेत होते. वैजंताचा बाप मुंबईहून आलेला, तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. सगुणा दारात तांदूळ निवडत होती. छबी तिच्या पाठीला चिकटून.

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. पंचमीच्या आदल्या दिवशी वर्गात काय सांगितलं होतं, ते. सकाळी ती पाऊण तास माझ्या दारात बोलायची थांबून राहिली होती, ते. तिनं शब्द सांगितला आणि मी शाबास म्हणाले, पुढं विचारलं नाही, ते. तिला ओवा दिला, ते. टाळ्या वाजवल्या, तेही. मी हळू बोलते, त्या दिवशी तर मलाच माझा आवाज ऐकू येत नव्हता. सगुणानं एकदाही थांबवलं नाही. तिच्या बोटांनी खडे काढायचं थांबवलं नाही.

माझं संपल्यावर तिनं हातातला खडा अंगणात टाकला. मग म्हणाली, "दुकत हुतं तवा रडली का?"

"नाही. आवाज काढायचा नाही असा नियम होता."

"तिनं तुमचं सगळं ऐकलं मग."

मला वर बघता येईना.

"बाई, म्या घरात वरडून सांगायची, वल्या वाकळंवर निजू नको, खाली निजू नको, बाजंवर नीज. माजं कदी ऐकलं न्हाई. तुमचं ऐकायची. घरी येऊन मला सांगायची, बाई म्हनल्या आसं, बाई म्हनल्या तसं." तिनं सूप खाली ठेवलं. "आता मी काय म्हनू तुमाला? शिव्या दिऊ? माजी पोरगी यील?"

"द्या. मी त्याच्यासाठी आलेय."

"न्हाई देत." तिनं पदरानं नाक पुसलं. "तुमी एक करा. पोरं तुमचं ऐकत्यात न्हवं? मग तुमीच सांगा त्यास्नी. नागोबाला पुजू नका आसं म्या म्हनत न्हाई, म्या बी पुजती, फुडं बी पुजंन. हात जोडू द्यात. पर आदी आयला उठवायचं. आय कितीबी दमल्याली आसू दे. वरडायचं, घर डोक्यावर घ्यायचं, आन् मग हात जोडायचं. दर साली सांगा. पंचमीच्या आदल्या दिशी, जवा ते सांगितलं तवाच."

"सांगीन."

"दर साली."

"दर साली, सगुणाबाई. जिवात जीव आहे तोवर."

"शपत नगं घिऊ. तुमी नेमाच्या हाय, मला ठावं हाय."

तिनं सूप परत उचललं. मी निघाले तेव्हा छबी माझ्यामागं अंगणापर्यंत आली.  मीच खाली बसले आणि तिला विचारलं, "कुठं दुखतंय का गं?" तिनं मान हलवली. नाही.

तेव्हापासून नोकरी संपेपर्यंत हजेरी घेताना मी हाच प्रश्न विचारत आले. हजेरी लांबायची. एका साहेबानं शेरासुद्धा मारला. कुणी म्हणालं मी अमुक बघितलं, तर मी थांबायची आणि म्हणायची, काय बघितलंस ते नीट सांग, तुझ्या भाषेत सांग. सबनीस मॅडम पुढं एकदा भेटल्या, त्यांना मी यातलं काही बोलले नाही. त्यांनी त्यांचं बरोबरच सांगितलं होतं. ते पाच शब्द मी परत कधी शिकवले नाहीत.

निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. वाडीतली शाळा पटाअभावी बंद झाली. पंचमीच्या आदल्या दिवशी मी कुठल्या ना कुठल्या शाळेत जाते. आधी मुख्याध्यापकांना पत्र लिहायची, आता फोन करते. काही जण हो म्हणतात, काही जण म्हातारीला काय सांगायचंय म्हणून आढेवेढे घेतात, पण पाच मिनिटांना कुणी नाही म्हणत नाही. यंदा मी ठरवायच्या आत फोन आला.

"बाई, छबी बोलतीय. वळकलं का?"

आवाज थेट सगुणाचा होता. सगुणा गेल्याला दोन वर्षं झाली.

"माजी लेक पयलीत बसली औंदा. खालच्या गावात, फाट्याच्या शाळंत. आयनं मराया टेकल्यावर सांगितलं हुतं, बाईला आठवन दिऊ नको, त्या यायच्या ऱ्हायच्या न्हाईत. पर मलाच वाटलं, औंदा हिकडं यावं."

"नाव काय ठेवलंस मुलीचं?"

 "तेच की बाई."

उद्या पंचमी. आज पहाटे उठले, पूजा आटपली, तीर्थ घेतलं. गुडघे आता मांडी घालू देत नाहीत, पाटावर बसून करते. पिशवीत ज्वारीच्या लाह्यांची पुडी टाकली, पाण्याची बाटली टाकली, रंगीत खडू टाकले. फळ्यावर नाग मी अजून काढते. त्याच्या शेजारी हल्ली एक वाकळ काढते आणि वाकळेवर एक झोपलेली बाई.

सून दारात आली. "आई, पाऊस धरलाय. त्या शाळेतल्या बाईंना फोन लावून देऊ का? फोनवरच सांगा ना मुलांना. असं किती बोलायचं असतं तुम्हाला?"

"दोन वाक्यं."

"मग?"

"माझा आवाज लहान आहे गं. जवळ जाऊन सांगावं लागतं."

मी चपला घातल्या, छत्री घेतली आणि कठडा धरून जिना उतरायला लागले.